दक्षिण कोकण : पाहण्याचा प्रदेश की राहण्याचा?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्यातील अभ्यासवर्गात दक्षिण कोकण हा विषय ठेवला गेला, याचे काहींना नवल वाटले असेल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. येथील प्रश्न कापसाच्या भावाचे, खारपाणपट्ट्यातील पाण्याचे आणि पुण्या-मुंबईकडे निघालेल्या तरुणांचे. मालवण, वेंगुर्ले, देवगड ही नावे येथे ऐकू येतात ती बहुधा सहलीच्या संदर्भात. स्वच्छ ऊन, पांढरी वाळू, माडांची रांग आणि ताटातील मासळी एवढ्यात कोकणचे वर्णन संपते.

या वर्णनात खोटे काही नाही. परंतु त्याच्या शेजारी दोन नोंदी ठेवल्या पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केला. त्यानंतरच्या काळात, २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान, त्याच जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि बुलढाणा जिल्ह्याचीही जवळपास तेवढीच वाढली. म्हणजे जो प्रदेश पाहण्यासाठी देशभरातून लोक येऊ लागले, त्याच प्रदेशातून तेथील माणूस निघून जात होता. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि वऱ्हाडातील कार्यकर्त्याने तिच्यातून काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

समुद्रातील किल्ला

या दोन प्रदेशांचे नाते शोधायला फार दूर जावे लागत नाही. जिजाऊंचा जन्म १५९८ साली याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे झाला. त्यांच्या पुत्राने नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत तो किल्ला उभा राहिला. घाटमाथ्यावर वाढलेल्या राज्यकर्त्याने समुद्राकडे पाहिले, ते सौंदर्यदृष्टीने नव्हे. जंजिऱ्याला सिद्दी, गोव्याला पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, मुंबई-राजापूरकडे इंग्रज अशी त्या वेळची स्थिती होती. किनारा ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार आणि जकात, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते.

किल्ल्याभोवतीचे पाण्याखालचे खडक हीच त्याची पहिली तटबंदी. त्या खडकांतून होडी नेण्याची वाट ठाऊक होती ती किनाऱ्यावरच्या गाबीत, भंडारी, कोळी अशा दर्यावर्दी समाजांना. आरमार उभे राहिले ते त्यांच्या ज्ञानावर आणि श्रमावर. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना मधल्या बेटावर गोडे पाणी लागते. उलट पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रापासून इतक्या दूर, शेगाव-संग्रामपूर भागातील विहिरींना खारे पाणी लागते. निसर्ग माणसाच्या सोयीने वाटणी करीत नसतो. ती वाटणी न्याय्य करणे हे समाजाचे आणि राज्यसंस्थेचे काम असते.

पुढची हकीकत दुःखद आहे. आंग्र्यांच्या हाती वाढलेले आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळाले. इंग्रजांनी ते जाळले आणि पेशव्यांनी त्यांना साथ दिली. घरातले वैर मिटविण्यासाठी बाहेरच्याला बोलावले, त्याची किंमत संपूर्ण किनाऱ्याने मोजली. जहाजबांधणी, आरमारी नोकरी आणि दर्यावरील व्यापार हे कोकणी माणसाचे पोटापाण्याचे साधन क्षीण होत गेले. उरली ती शेती.

हिरवाईच्या आतील दारिद्र्य

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बुलढाण्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे कोकण समृद्ध असलेच पाहिजे, असे देशावरच्या माणसाला वाटते. पण सह्याद्री आणि समुद्र यांमधील पट्टा अरुंद, नद्यांची लांबी थोडी, उतार तीव्र. पाऊस चार महिन्यांत पडतो आणि वाहून समुद्राला मिळतो. जांभ्या दगडाच्या सड्यावर माती टिकत नाही. खोलगट भागात भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, एवढ्यावर कुटुंबाचे वर्ष निघणे कठीण.

त्यातही जमीन कसणाऱ्याची नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा राही. तो सरकारचा वसूल भरी आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक घेई. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात कायद्याने नष्ट झाली ती १९४९ साली. वऱ्हाडात खोत नव्हता. तेथे रयतवारी होती. पण सावकार आणि कापसाचा दलाल ही येथली माणसे कुळाला तशीच ओळखीची आहेत.

कापूस वऱ्हाडचा, हात कोकणचे

येथे या दोन प्रदेशांच्या इतिहासाची खरी गाठ पडते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला जगाच्या बाजारात एकाएकी महत्त्व आले. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. तो खामगावच्या रहिवाशांच्या सोयीसाठी झाला नाही. कापसाच्या गाठी बंदराकडे लवकर पोचाव्यात म्हणून झाला.

त्याच मुंबईकडे दुसऱ्या बाजूने कोकणातून बोटी निघत होत्या. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड अशी बंदरे घेत त्या मुंबईला पोचत. त्यांतून माल थोडा आणि माणसे फार जात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत वऱ्हाडच्या कापसावर कोकणी माणसाने सूत काढले. दोघांची गाठ कधी पडली नाही. एकाने दुसऱ्याचा कापूस पाहिला, दुसऱ्याने पहिल्याने विणलेले धोतर नेसले.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. गिरणी कामगाराला मिळणारे वेतन हे एकट्या माणसाच्या खाणावळीपुरते आणि खोलीतील पथारीपुरते होते. बायको, मुले, आईवडील गावी. तेथे भाताची पेरणी-लावणी, गुरे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे सारे स्त्री सांभाळी. कामगार आजारी पडला की गावी येई, निवृत्त झाला की गावी येई. म्हणजे कामगाराला वाढविण्याचा, बरा करण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च गिरणीमालकाच्या वहीत कधी चढलाच नाही. तो कोकणातल्या खाचरांनी आणि तेथल्या बायकांनी उचलला. गावाकडे येणारी मनिऑर्डर हे उपकाराचे दान नव्हते, ती या बिनपगारी श्रमाची अपुरी परतफेड होती. वऱ्हाडातही वेगळे काय घडत होते? निंदणी-वेचणीतील घरच्या स्त्रीच्या श्रमाची मजुरी धरली असती, तर कापसाचा परवडणारा भाव किती ठरला असता, हा प्रश्न बाजाराने कधी विचारला नाही. कोकणातील स्वस्त मजूर आणि वऱ्हाडातील स्वस्त कापूस ही एकाच तागडीची दोन पारडी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाची परिणती सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर पुढे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. कोकणात मनिऑर्डर आटली. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आढळल्या. या आकड्याकडे पाहून स्त्रीच्या सन्मानाची ग्वाही देणारे भेटतात. वस्तुतः त्यात कामासाठी गाव सोडून गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी मोजली गेली आहे.

मीठ आणि स्वातंत्र्य

दोन्ही प्रदेशांना जोडणारा आणखी एक धागा आहे. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडा येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेले स्वयंसेवक तेथे लाठ्या खात तुरुंगात गेले. वऱ्हाडाला समुद्र नाही; म्हणून काही वऱ्हाड मागे राहिला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पुढे पावसाळ्यात वऱ्हाडात जंगल सत्याग्रह सुरू झाला. किनाऱ्यावर मीठ आणि पठारावर गवत. दोन्ही ठिकाणी मागणी एकच होती: निसर्गाने जे सर्वांना दिले आहे, त्यावर लोकांचा अधिकार असावा.

कष्टकऱ्यांची कला

कोकणची संस्कृती म्हणून जे पर्यटकाला दाखविले जाते, ते बहुतेक कष्टकऱ्यांनी निर्माण केलेले आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रांत दशावतार रंगतो. देवळासमोरच्या साध्या मांडावर, रात्रभर. संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरते आणि पात्रे उभ्या जागी भाषा घडवीत जातात. देव आणि दैत्य, राजा आणि ऋषी यांच्यात बिनतोड वाद झडतो आणि समोरचा शेतकरी त्यातील प्रत्येक मुद्द्याला दाद देतो. त्या मंडळींतील कित्येक नट शेतीभातीची कामे करणारे. लोकशाहीला लागणारी वादविवादाची सवय पुस्तकाबाहेर कशी जोपासली जाते, याचे हे उदाहरण होय.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा टिकविली. या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि हाती रंगविलेला गंजिफा प्रसिद्ध आहेत. मालवणी बोलीला प्रमाणभाषेच्या दरबारात फार काळ हसण्यावारी नेले गेले; गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून ती बोली मुंबईच्या आणि पुढे परदेशांतल्याही रंगमंचावर सन्मानाने उभी केली. या भूमीने विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, जयवंत दळवी, चिं. त्र्यं. खानोलकर असे लेखक दिले, आणि वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत आपल्या उमेदीची वर्षे शिक्षक म्हणून घालविली.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. गणपतीला, शिमग्याला, जत्रेला मुंबईहून चाकरमानी येतो, तेव्हा घर उघडते आणि गाव भरतो. उत्सव ही विखुरलेल्या कुटुंबाची वार्षिक सभा असते. ती सभा संपली की पुष्कळ घरांना पुन्हा कुलूप लागते. उत्सवात जिवंत आणि एरवी रिकामा असा गाव किती पिढ्या संस्कृती जपू शकेल?

एकशे अठ्ठावीस वर्षांचे अंतर

खामगावला रेल्वे १८७० साली आली. कोकणात रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. हे एकशे अठ्ठावीस वर्षांचे अंतर केवळ डोंगर-दऱ्यांमुळे पडले, असे म्हणणे अपुरे आहे. ज्या मालाची परक्या गिरण्यांना घाई होती त्याला रेल्वे आधी मिळाली. कोकणातून न्यायचा होता तो मजूर. आणि तो बोटीने, पुढे एस.टी.ने, स्वतःच्या खर्चाने येतच होता.

वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै १९५७ पासून १९७१ मधील निधनापर्यंत राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. त्यांनी आणि त्यांच्यानंतर तेथूनच निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी कोकण रेल्वेचा प्रश्न सतत जागता ठेवला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि चार राज्ये यांनी भांडवल घातले, उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला, आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा, नव्वदांहून अधिक बोगद्यांचा हा मार्ग बांधून झाला. सार्वजनिक क्षेत्राला मोठी कामे जमत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हा मार्ग पाहावा. खामगाव-जालना मार्गाची मागणी जिल्ह्यात अनेक दशके होत आली आहे. तिच्यामागे उभे राहणाऱ्यांनी तर त्याचा इतिहास मुद्दाम अभ्यासावा.

दुसरे उदाहरण फळबागांचे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९९० मध्ये तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली. त्यामुळे लहान शेतकऱ्यालाही मजुरीसकट खर्च मिळू लागला आणि कोकणातील कितीतरी पडीक उतार आंबा-काजूखाली आले. वऱ्हाडाच्या आणि मराठवाड्याच्या दुष्काळाने जन्माला घातलेल्या कायद्याने कोकणचा डोंगर हिरवा केला, ही जाणीव दोन्हीकडे असावी.

किनारा कोणाचा?

आता वर्तमानाकडे. सिंधुदुर्गाला सुमारे १२० किलोमीटरचा किनारा आहे. त्यावर रापण ही जुनी सामुदायिक मासेमारी चालते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके वाळूवरून मिळून ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा. या पारंपरिक मच्छीमारांचे यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या नौकांशी वारंवार संघर्ष झाले. सागरी मासेमारी नियमनाचा राज्य कायदा १९८१ चा. पर्ससीनवर कडक मर्यादा घालणारा आदेश निघाला २०१६ साली. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कायदा कागदावर असणे आणि समुद्रावर असणे यांत फरक आहे, ही मच्छीमारांची तक्रार आजही संपलेली नाही. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हाही त्यांचा विरोध निसर्गरक्षणाला नव्हता. समुद्राबद्दलचा निर्णय समुद्रावर जगणाऱ्याला न विचारता झाला, हा त्यांचा आक्षेप होता.

पर्यटनाचेही तसेच. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन, सोलकढी-मासळीचे जेवण रांधून ज्या स्त्रिया संसार चालवितात, ज्या तरुणांनी मालवण-तारकर्लीत पाहुण्यांना समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय उभारला, त्यांच्यासाठी पर्यटन ही मुंबईची वाट टाळण्याची संधी आहे. तेथे घर, जमीन आणि कौशल्य स्थानिकांचे आहे. परंतु जेथे जमीन एकदा विकली जाते, तेथे कालचा मालक उद्याचा पहारेकरी होतो. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर मोठ्या हॉटेल-प्रकल्पासाठी जमीन घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे प्रतिकार केला. मिठाच्या सत्याग्रहाच्या गावाला पुन्हा त्याच वाळूसाठी उभे राहावे लागले. किनारा-नियमनाची अधिसूचना १९९१ साली आली, २०११ मध्ये बदलली आणि २०१९ मध्ये आणखी सैल झाली. ही सैलता मच्छीमाराच्या घरदुरुस्तीसाठी वापरली जाते की बाहेरच्या गुंतवणुकीसाठी, यावर लक्ष ठेवावे लागेल.

दिखाऊपणा आणि टिकाऊपणा यांतील फरक मालवणनेच देशाला दाखविला. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट येथे शिवाजी महाराजांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. समोर पाण्यात साडेतीनशे वर्षांचा सिंधुदुर्ग उभा होता, आणि २०२५ मध्ये विजयदुर्गासह जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. किल्ला बांधणाऱ्यांनी वारा, लाटा आणि खडक यांचा विचार किनाऱ्यावरच्या माणसाला बरोबर घेऊन केला होता.

बुलढाण्याने काय घ्यावे?

या जिल्ह्यालाही जगाने पाहावे असे एक खारे पाणी लाभले आहे. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर स्थळांच्या यादीत आले. त्याच्या विकासाच्या योजना निघतील आणि निघाल्याही पाहिजेत. त्या वेळी कार्यकर्त्यांनी दक्षिण कोकणचा अनुभव समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत. भोवतालची जमीन दहा वर्षांनी कोणाच्या नावे असेल? येणाऱ्या पैशांतून मजुरीपलीकडचा वाटा गावाला किती मिळेल? आणि सरोवराविषयीचे निर्णय घेताना लोणारच्या शेतकऱ्याला, पशुपालकाला व स्त्रियांना बोलावले जाईल काय?

कोकणाकडे पाहतानाही हीच दृष्टी हवी. तेथे सहलीला अवश्य जावे. गावकऱ्याच्या घरी उतरावे, त्याचा आंबा-काजू त्याच्याकडून घ्यावा, दशावताराला रात्रभर बसावे. पण परत येताना तेथील शाळेत पट किती उरला आहे, रापणीला ओढायला माणसे मिळतात की नाही आणि बंद घरे किती आहेत, हेही विचारून यावे. लोक पाहायला येतात यावरून प्रदेशाची कीर्ती कळते. त्याचा विकास झाला की नाही, हे तेथे जन्मलेल्याला तेथेच मानाने राहता येते की नाही यावरून ठरते. ही कसोटी मालवणला लागू आहे, आणि मेहकर-मोताळ्यालाही.